चिऊताईचं दार आणि ब्रह्मदेवाचं घड्याळ

चिऊ-काऊच्या गोष्टीत घड्याळ नाही. मेणाचं घर, बंद दार, बाहेर भिजलेला कावळा. चिऊताई आतून त्याला थांबवत राहते: बाळाला न्हाऊ घालतेय, अंग पुसतेय, अंगडं घालतेय, काजळ-तीट लावतेय, थोपटून निजवतेय. एकूण किती वेळ गेला हे गोष्टीत कुठेच येत नाही आणि ऐकणारं मूलही ते विचारत नाही. आंघोळीपासून झोपेपर्यंतचा वेळ त्याला अंगवळणी पडलेला असतो. सांगणारी आजी मुरलेली असेल, तर ताटात भात किती उरलाय ते बघून ती चिऊताईची कामं वाढवते किंवा उरकते. काळ असा हवा तसा ताणता येतो. जागा म्हणाल, तर सगळी गोष्ट एका दाराच्या दोन बाजूंना मावते.

म्हातारी आणि भोपळ्याच्या गोष्टीत काळाचा चक्क सौदा होतो. रानात वाघ आडवा आल्यावर म्हातारी त्याच्याकडे मुदत मागते. आत्ता माझ्या अंगावर मांस नाही, लेकीकडे राहून जाडजूड होऊन येते, मग खा. वाघाला हे पटतं, कारण थांबण्यात त्याचाच फायदा दिसतो. परतताना वाट तीच, वाघ तोच. फक्त म्हातारी आता भोपळ्याच्या आत असते आणि रान बाहेर.

परीकथेत काहीही चालतं, हा मोठ्यांचा समज. राक्षसाला सात डोकी का, असं कुणी मूल सहसा विचारत नाही; पण राजकन्या शंभर वर्षं झोपली तर तिचे केस किती वाढले, हे हमखास विचारतं. जादू त्याला मान्य असते, हिशेबातली गडबड नसते. जगभरात ज्या अद्भुत बालकथा टिकल्या, त्यांच्या पोटात बहुधा काळाचा आणि जागेचा एखादा कडक नियम सापडतो. तो नियम त्या त्या समाजाच्या घड्याळाशी जुळलेलाही असतो.

इंग्लंडमध्ये १८६५ साली 'ॲलिस' आली तीच मुळी खिशातलं घड्याळ काढून उशीर झाल्याची हाकाटी करणाऱ्या सशामागे धावत. हा रेल्वेच्या वेळापत्रकाचा जमाना होता. पुढे त्या पुस्तकात एक टोपीवाला भेटतो. त्याचं काळाशी भांडण झाल्यामुळे त्याच्याकडे कायम संध्याकाळचे सहाच वाजलेले असतात, म्हणजे कायम चहाचीच वेळ. कपबश्या विसळायला सवड नाही, म्हणून मंडळी टेबलाभोवती एकेक खुर्ची पुढे सरकत राहतात. काळ थांबला तर त्याची भरपाई जागेनं करावी लागते, हे लुईस कॅरलनं एका खरकट्या टेबलावर दाखवून दिलं. देवदत्त नारायण टिळकांनी ही ॲलिस मराठीत आणली, तेव्हा तिची 'जाई' झाली आणि पुस्तकाचं नाव पडलं 'जाईची नवलकहाणी'.

कॅरलचं खरं नाव चार्ल्स डॉजसन. तो ऑक्सफर्डमध्ये गणित शिकवायचा. ॲलिस लिहिण्याआधी, १८६० साली, त्यानं तिथल्या एका विद्वत्सभेपुढे एक कोडं मांडलं होतं: दिवस नेमका कुठे सुरू होतो? सूर्याबरोबर पश्चिमेकडे चालत राहिलेल्या माणसाला सदैव मध्यान्हच दिसणार. मग मंगळवारचा बुधवार झाला, हे त्याला कोणत्या गावात कळणार? त्या वेळी आंतरराष्ट्रीय वाररेषा ठरलेली नव्हती. ग्रिनिच हे शून्य रेखावृत्त मानण्याचा ठराव वॉशिंग्टनच्या परिषदेत झाला तो १८८४ साली.

या कोड्यावर खरी कमाई केली ती फ्रान्सच्या ज्यूल व्हर्ननं. पैज लावून ऐंशी दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा करणारा त्याचा फिलियस फॉग सुएझहून बोटीनं मुंबईला उतरतो. त्याचा नोकर पासपार्तू मलबार हिलवरच्या देवळात बूट घालून शिरतो आणि मार खाऊन, बूट तिथेच टाकून, कशीबशी आगगाडी गाठतो. मुंबईकर वाचकाला हाच प्रसंग लक्षात राहतो, पण कादंबरीची किल्ली पासपार्तूच्या खिशातल्या घड्याळात आहे. तो ते लंडनच्या वेळेवरून हलवायला तयारच नाही. पूर्वेकडे जाताना दर अंशाला सूर्य चार मिनिटं लवकर डोक्यावर येतो. मुंबई सुमारे ७२.८५ अंशांवर आहे, म्हणजे तो इथे उतरला तेव्हा त्याचं घड्याळ इथल्या सूर्याच्या ४ तास ५१ मिनिटं मागे असणार. अशी चार-चार मिनिटं गोळा करत ३६० अंश फिरलं की बरोबर २४ तास जमतात. फॉगला वाटतं पैज हरलो. प्रत्यक्षात त्याच्या पदरात एक अख्खा दिवस जास्तीचा पडलेला असतो.

याच गणितानं मुंबई शहराला बरीच वर्षं दोन वेळा वागवायला लावल्या. १ जानेवारी १९०६ला भारतीय प्रमाण वेळ लागू झाली. ती ८२.५ अंशांच्या रेखावृत्तावरची, म्हणजे मुंबईच्या सूर्याच्या ३९ मिनिटं पुढे. इथल्या लोकांना हे रुचलं नाही, आणि महापालिकेनं 'मुंबई वेळ' पुढची कित्येक दशकं सोडली नाही. प्रमाण वेळेवर चालणाऱ्या रेल्वेतून उतरून जुनी वेळ पाळणाऱ्या घड्याळाखाली जाणारा माणूस शब्दशः ३९ मिनिटं मागे जात असे. असा प्रसंग एखाद्या बालकादंबरीत घातला असता, तर वाचणाऱ्यांनी लेखकाच्या कल्पनाशक्तीचं कौतुक केलं असतं.

सूर्यानं आपली वेळ आजही बदललेली नाही. मुंबईतल्या सांताक्रूझच्या एखाद्या गच्चीवर काठी उभी करून पाहावं. तिची सावली सगळ्यांत आखूड होते ती बाराच्या ठोक्याला नाही. नोव्हेंबरच्या सुरुवातीला बारा बावीसच्या सुमारास होते, फेब्रुवारीच्या मध्यात बारा त्रेपन्नला, आणि वर्षाची सरासरी काढली तर बारा एकोणचाळीसला. शाळेच्या प्रकल्पासाठी याहून स्वस्त कालयंत्र मिळणार नाही.

व्हर्नला मराठी मुलांच्या घरात आणण्याचं मोठं श्रेय भा. रा. भागवतांचं. फास्टर फेणेचे जनक म्हणून ते सर्वांना ठाऊक आहेत, पण 'चंद्रावर स्वारी' आणि 'मुक्काम शेंडेनक्षत्र' हेही त्यांचंच काम. यातलं दुसरं काळाच्या दृष्टीनं जास्त गमतीचं. व्हर्नच्या मूळ कथेत एक धूमकेतू पृथ्वीला घासून जातो आणि तिचा लहानसा तुकडा माणसांसकट उचलून नेतो. माणसांना आधी हे कळतच नाही. त्यांना कळतं ते एवढंच, की सूर्य पश्चिमेला उगवतोय आणि दिवस-रात्र मिळून बारा तासांतच उरकतायत. जागा बदलली आहे याचा सुगावा त्यांना काळ बदलल्यावरून लागतो. विज्ञानाच्या अंगानं ती टक्कर अशक्यच, पण एकामागून एक पुरावे जुळवून निष्कर्षाला येण्याची रीत पक्की शास्त्रज्ञाची आहे.

इथवर गोष्ट एका घड्याळाची झाली. दोन जगांची घड्याळं वेगळ्या वेगानं चालायला लागली, की खरी मजा येते.

भागवत पुराणाच्या नवव्या स्कंधात ककुद्मी राजाची कथा आहे. मुलगी रेवती उपवर झाली, वर कुणीच पसंत पडेना, म्हणून ही बापलेकीची जोडी थेट ब्रह्मलोकात सल्ला विचारायला जाते. तिथे गंधर्वांचं गाणं चाललेलं असतं. मध्येच बोलणं बरं नव्हे म्हणून राजा गाणं संपेपर्यंत थांबतो आणि मग मनातल्या स्थळांची यादी पुढे करतो. ब्रह्मदेव हसतो. ती स्थळं, त्यांची मुलं, नातवंडं, कुळं सगळी केव्हाच गेली. खाली सत्तावीस चतुर्युगं उलटली आहेत. शेवटी पृथ्वीवर परतून रेवतीचं लग्न बलरामाशी होतं. जुन्या युगातली म्हणून ती त्याच्याहून फार उंच होती आणि बलरामानं नांगर लावून तिला बेताची केली, असंही सांगतात. काळ बदलला की मापंही बदलतात, याचं भान कथा रचणाऱ्याला होतं.

आता थोडं अंकगणित. एक चतुर्युग ४३ लाख २० हजार वर्षांचं. अशी हजार चतुर्युगं म्हणजे ब्रह्मदेवाचा एक दिवस, रात्र वेगळी. त्याचा दिवस आपल्यासारखा बारा तासांचा धरला, तर त्याच्या एका सेकंदात आपली बरोबर एक लाख वर्षं जातात. सत्तावीस चतुर्युगं म्हणजे ११ कोटी ६६ लाख ४० हजार वर्षं. त्याच्या घड्याळात ही झाली १९ मिनिटं आणि वर २६ सेकंद. एखादा गवई बेताचा ख्याल आटोपतो तेवढा हा वेळ! पुराणकारांनी हा भागाकार मांडून कथा रचली असेल असं नाही, पण आकडे धडधडीत विसंगत असते तर एखाद्या चौकस पोरानं कधीतरी धरलंच असतं.

याच्या शेजारी नार्निया ठेवावं. सी. एस. लुईसची ही सात पुस्तकं १९५० ते १९५६ या काळात आली. पहिल्यात चार भावंडं कपड्यांच्या कपाटातून बर्फाळ जगात शिरतात, तिथे राजे-राण्या होतात, वर्षानुवर्षं राज्य करतात आणि एके दिवशी कपाटातून परत बाहेर पडतात. घरात मिनिटभरही गेलेलं नसतं. पुढच्या पुस्तकात इंग्लंडमध्ये एकच वर्ष जातं आणि तिकडे शेकडो वर्षं. त्यांचा स्वतःचा किल्ला ढिगाऱ्याच्या रूपात समोर येतो. लुईसच्या दोन घड्याळांचं गुणोत्तर मात्र पक्कं नाही, ते गोष्टीच्या सोयीनं बदलतं. या एका बाबतीत भागवत पुराण जास्त काटेकोर आहे.

परतीचा नियमही दोघांचा उलटा. ककुद्मी परततो तेव्हा त्याचं जग संपलेलं असतं, लुईसची मुलं मात्र चहाच्या वेळेला घरी हजर. असं का असावं? इंग्रजी बालकथेतलं मूल मोठ्यांची नजर चुकवून निघतं. उशीर झाला तर बिंग फुटेल, म्हणून काळानं त्याला सांभाळून घ्यावं लागतं. पुराणकथा घरादारानं एकत्र बसून ऐकायची, त्यात चोरून जाणारं कुणी नाही आणि उशिरा परतणं हाच चमत्कार. हे स्पष्टीकरण पुरतं बसत नाही, हेही खरं. विष्णूसाठी पाणी आणायला गेलेला नारद वाटेत लग्न करतो, संसार थाटतो, पुरात बायकामुलं गमावून रडत बसतो. आणि पाठीमागे विष्णू विचारतो, पाणी कुठाय, अर्धा तास झाला! म्हणजे नार्नियाच्या जातीची गोष्ट आपल्याकडेही होतीच. फरक एवढा, की नारदाची गोष्ट त्याला धडा शिकवायला निघालेली आहे. लुईसच्या मुलांना वर्षानुवर्षांचं राज्य फुकटात मिळतं.

जागेच्या बाबतीत मात्र आपल्या कथांची बरोबरी अवघड. यशोदा माती खाल्ली का ते बघायला कृष्णाचं तोंड उघडते, तर आत पर्वत, समुद्र, तारे. इथवर प्रत्येक कीर्तनकार सांगतो. मूळ कथा एक पायरी पुढे जाते: त्या तोंडात तिला गोकुळ दिसतं आणि गोकुळात ती स्वतःही दिसते. मग त्या आतल्या यशोदेसमोरच्या कृष्णाच्या तोंडात काय असेल, हा प्रश्न ज्या मुलाला पडला, त्याला अनंताची ओळख वेगळी करून द्यायला नको.

विसाव्या शतकात या गोष्टींना अनपेक्षित पाठबळ मिळालं. आइन्स्टाइनच्या सिद्धांतानुसार जिथे गुरुत्वाकर्षण जास्त तिथे काळ सावकाश चालतो. मराठी वाचकाला ही कल्पना गोष्टीच्या रूपात दिली जयंत नारळीकरांनी. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत 'कृष्णविवर' नावाची कथा पहिली आली. लेखक होता कुणी नारायण विनायक जगताप. आपल्या नावाकडे पाहून परीक्षकांनी निर्णय देऊ नये म्हणून नारळीकरांनी स्वतःची आद्याक्षरं उलटी करून हे नाव घेतलं होतं, आणि अक्षर ओळखू नये म्हणून कथा पत्नीकडून लिहवून घेतली होती. कृष्णविवराजवळ जाऊन येणाऱ्याचं घड्याळ मागे पडतं, हे ककुद्मीच्या कथेला शोभणारं सत्य तिथे गणितासह आलं.

त्याचा पुरावा आता रस्त्यावर आहे. वाट दाखवणारे जीपीएसचे उपग्रह सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवर फिरतात. तिथे गुरुत्वाकर्षण कमी म्हणून त्यांची घड्याळं दिवसाला सुमारे ४५ मायक्रोसेकंद पुढे जातात, आणि वेगामुळे ७ मायक्रोसेकंद मागे पडतात. हिशेबाअंती ३८ मायक्रोसेकंदांची आघाडी उरते. ही दुरुस्ती केली नाही, तर दिवसभरात जागेची चूक दहा किलोमीटरवर जाईल. सांताक्रूझ स्टेशनबाहेरचा रिक्षावाला मोबाइलकडे बघत कलिन्याच्या विद्यापीठाकडे वळतो, तेव्हा त्याच्या नकाशात ब्रह्मलोकाची तफावत, अगदी बारीक मात्रेत, वजा केलेली असते.

दोन जगांच्या गोष्टींहून वेगळी एक जात आहे. तिच्यात जागा एकच असते आणि काळ तिच्यावर थरांनी साचलेले असतात. फिलिपा पिअर्सची १९५८ची 'टॉम्स मिडनाइट गार्डन' ही त्यातली मानाची कादंबरी. भावाला गोवर निघाल्यामुळे टॉमला मावशीकडे पाठवतात. मावशीचं घर म्हणजे जुन्या मोठ्या वाड्याचे तुकडे पाडून केलेल्या फ्लॅटपैकी एक. मागची बाग जाऊन तिथे कचऱ्याचे डबे आणि मोटारी आल्यायत. रात्री तळमजल्यावरचं जुनं घड्याळ तेरा टोले देतं आणि मागचं दार उघडलं की बाग जागच्या जागी असते. तिथे टॉमला हॅटी भेटते. ती त्याच्याआधीच्या काळातली. एकदा तो तिला सांगतो, तुझे बर्फावरचे स्केट्स माझ्या खोलीतल्या कपाटाच्या फळीखाली ठेव. मग आपल्या काळात येऊन तो फळी उचकटतो, तर स्केट्स तिथेच! पुढच्या भेटीत दोघंही गोठलेल्या नदीवर घसरत जातात, आणि दोघांच्या पायांत तीच एक जोडी असते. तर्काला इथे घाम फुटतो, गोष्ट मात्र ठाम उभी राहते.

ही कादंबरी सांताक्रूझच्या मुलाला परकी वाटायचं कारण नाही. व्हरांड्याचे बंगले पाडून उभ्या राहिलेल्या इमारती पश्चिमेला गल्लोगल्ली आहेत. पूर्वेला कलिना आहे, आणि कलिन्याच्या खाली कोळेकल्याण गाव. तिथली गावठाणातली घरं, क्रूस आणि विमानतळाची भिंत एका नजरेत दिसतात. इथे तेरावा टोला कुठल्या दाराशी पडावा, हे लेखकानं ठरवायचं.

वर्तुळात फिरणारा काळ आपल्याकडे वेताळानं सांभाळला. विक्रम झाडावरून प्रेत काढतो, वेताळ गोष्ट सांगतो, राजा बोलतो, वेताळ पुन्हा झाडावर. अकराव्या शतकातल्या 'कथासरित्सागरा'त या गोष्टी पंचविसाच्या आत आटोपल्या होत्या. 'चांदोबा' मासिकानं, ज्याची मराठी आवृत्ती १९५२ साली सुरू झाली, त्या पुढे दशकानुदशकं चालू ठेवल्या. दर महिन्याला तीच चौकट, तोच खांद्यावरचा भार आणि प्रश्न नवा. मासिकाचा वाचक मोठा होऊन नोकरीला लागला तरी राजाची वाट संपली नव्हती.

काळाला फाटे फोडणारी मराठीतली सर्वांत गाजलेली गोष्ट पुन्हा नारळीकरांचीच: 'गंगाधरपंतांचे पानिपत'. ती मुळात मोठ्यांसाठी असली, तरी इंग्रजी रूपात अकरावीच्या पाठ्यपुस्तकात गेली आणि देशभरच्या मुलांनी वाचली. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत एका अपघातानंतर अशा जगात पोचतात, जिथे १७६१च्या लढाईत विश्वासरावांना गोळी लागलीच नाही. ती कानाजवळून निघून गेली आणि मराठे जिंकले. पुण्याहून मुंबईला येताना त्यांची गाडी सरहद्दीवरच्या ठाण्यात थांबते, परवाने तपासले जातात, आणि तिथून इंग्रजांचा मुलूख सुरू होतो. शेवटी त्यांचे मित्र या प्रकाराचं शास्त्रीय स्पष्टीकरण देतात ते जरा लांबतं. वाचणाऱ्याच्या मनात घर करतं ते गंगाधरपंतांनी पुरावा म्हणून आणलेलं बखरीचं फाटकं पान.

या गोष्टीचा धागा उपनगरापर्यंत ओढून बघण्यासारखा आहे. सांताक्रूझ साष्टी बेटावरचं. पोर्तुगीजांकडून साष्टी मराठ्यांनी वसईच्या मोहिमेत, १७३७ ते १७३९च्या दरम्यान, घेतली. इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला आणि साष्टी बळकावली ती पानिपतानंतर, १७७४च्या अखेरीस, पुण्यातली गादी भांडणात अडकलेली असताना. आणि १७८२च्या सालबाईच्या तहानं त्यांचा ताबा पक्का झाला. पानिपत जिंकलेल्या पेशव्यांनी साष्टी सहजासहजी सोडली नसती. म्हणजे गंगाधरपंतांच्या जगात सरहद्द बहुधा माहीमच्या खाडीवर असती, आणि सांताक्रूझहून सकाळची स्लो लोकल पकडून चर्चगेटला निघालेल्या माणसाला रोज वांद्र्याला उतरून परवाना दाखवावा लागला असता.